सुकाच करा म्हणालो!

चहा घ्या, पण हा घोटाळा ऐकताना घोट तोंडात धरू नका. आणि माझ्या सासूबाईंसमोर विषय काढू नका, एवढी विनंती!

माझ्याकडे बाबांचा कोंबडा आहे. पेंढा भरलेला. जिवंत होता तेव्हा सायकलच्या हँडलवर बसून बाबांबरोबर तळ्याच्या बाजारात फिरायचा. मेला तेव्हा बाबा धड जेवेनात. शेवटी एका जाणकाराकडून त्यात पेंढा भरून घेतला. रोज सकाळी त्याच्या तुऱ्यावरून बोट फिरवून विचारायचे, "काय राजे, झाली का झोप?"

बाबा गेले. आता मी विचारतो. विचारल्याशिवाय सकाळ झाल्यासारखी वाटतच नाही.

पण घर दोन खोल्यांचं! माणसांनाच कूस बदलायला जागा नाही, राजे राहणार कुठे? मी शहाण्याने त्याला लाकडी पाटावरून सोडवलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलं आणि माळ्यावर सरकवलं. कोकणातला दमटपणा तो! उघडून बघतो तर पिसांत कसर.

कॉलेजात असले पक्षी सांभाळणारे एक ओळखीचे म्हणाले, "घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. किडे मरतील."

डीप फ्रीजर म्हणजे दिघीचा मेव्हणा सुदाम. मासळीचा धंदा. "बाबांचा कोंबडा आहे, जप रे," म्हणत पिशवी दिली. त्याने ती पापलेटांखाली ठेवली आणि घरात 'दाजींचा कोंबडा आहे' एवढंच सांगितलं, पेंढ्याचं सांगायला साफ विसरला. इकडे मी रोज सकाळी रिकाम्या माळ्याशी बोलतोय!

एका रविवारी सासूबाईंचा फोन.

"जावईबापू, फ्रीजरात तुमचा कोंबडा घावला. काढू का भाईर?"

"काढा की! पण घाई नको. हळूहळू गारठा उतरू द्या."

"ते मला काय नवीन हाय? सुकाच पायजे ना?"

"सुकाच! ओला अजिबात नको!"

"मग निघा तुमी. समद्यांना बोलावते."

समद्यांना? बाबांचा कोंबडा बघायला? डोळे भरून आले हो! बाबा माझ्या लग्नाआधीच गेलेले. सासरच्यांनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं.

खिशात डांबरगोळ्या टाकल्या, बायकोला स्कूटरवर बसवलं आणि सुटलो.

दिघीला अंगणात पाय ठेवला तर भाजक्या खोबऱ्याचा वास! सासूबाईंच्या पुढ्यात गरम पाण्याचं पातेलं आणि हातात राजे. मान पार सोललेली!

"अगो बाय, ह्याच्या मानंत तार हाय! पोटात पेंढा हाय!"

"टाका तो खाली! आतून विषारी औषध लावलंय!"

"जावईबापू, इष घालताय आमाला?"

सगळ्यांचे हात साबणाने घासून घेतले, मग हात जोडून सगळी हकिकत सांगितली. सासूबाई जुन्या फडक्याने राजांना हळूच टिपत म्हणाल्या, "तुमच्या बाबांना माझ्या हातचं खाऊ घालायचं ऱ्हायलं. त्यांच्या कोंबड्याला आंघोळ तरी घातली."

हसू की रडू?

त्या वाटणात अंडी पडली. जेवताना एकेक जण बाबांबद्दल विचारत गेला आणि मी बोलतच राहिलो. वाटलं, बाबा पंगतीत बसलेत, आत्ता भाकरी मागतील.

राजे घरी आले. मानेवर पीस नाही, डोक्यावर दोनचार शिल्लक. मी हळहळत बघत होतो. बायकोने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"बाबांकडे होता तेव्हा म्हणे काय रुबाब होता! तुमच्याबरोबर राहिला आणि बघा, टकलासकट तुमच्यावर गेला!"