चार बोटांची जागा

भूतखेत, अंगात येणं वगैरे मला रिकामटेकड्यांचे उद्योग वाटतात. आजही वाटतात. मी सातवी नापास, चाळीस वर्षं गाड्या खोलल्या. गाडी मिसिंग मारते तेव्हा कारणं तीनच — हवा, पेट्रोल, नाहीतर करंट. चौथं मी कधी बघितलं नाही. तरी लिहितोय, कारण पोटात राहत नाही.

आम्ही मूळचे मिरजेचे. घर चेन्नईत, गिंडीला, कारखान्यांच्या मागच्या गल्लीत. गॅरेज घराच्या पोर्चमध्येच. माझे कान ठोकाठोकीने गेले, ओरडून बोललं तरच कळतं; नाक पेट्रोलने गेलं. माझी बायको शकू, तीच माझे कान आणि नाक. लांब स्क्रू ड्रायव्हर इंजिनला टेकवून मूठ कानाला लावायची आणि माझ्या उजव्या खांद्यावर बोट आपटायची. सिलिंडर बेल्टच्या बाजूने मोजायचे. दोनदा आपटलं की दोन नंबरचा सिलिंडर. पेट्रोलचा वास आला तर तळहात पाठीवरून सरळ खाली ओढायची — म्हणजे आधी बंद कर! "बहिऱ्याची बायको झाले, पण मेकॅनिक मीच," असं गिऱ्हाइकांसमोर सांगायची.

चार महिने झाले तिला जाऊन. त्यावर लिहीत नाही.

मुलगी सुनंदा आणि जावई कार्तिक नातवाचं जावळ काढायला तिरुचीला निघाले होते. कार्तिक तमिळ, सासऱ्याला तिकडच्यासारखं मामा म्हणतो, पण मराठी चांगलं बोलतो. त्यांची गाडी पिकअप घेताना अडखळायची. आदल्या दिवशी मी प्लग बघितले, एअर फिल्टर झटकला, शेवटी प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून साफ करून बसवले. शकू गेल्यावर हातात घेतलेली पहिलीच गाडी.

सकाळी दहा वाजता गाडी सुरू केली, तर पुन्हा थोडी अडखळ. सगळे आत, काचा बंद, एसी चालू. मी बॉनेटपाशी. पोर्च इतका अरुंद की माझी पाठ आणि भिंत यांच्यात चार बोटांची जागा.

कार्तिकने काच खाली केली. घाई झाली की लवकर-लवकर म्हणायला त्याला तमिळच सुचतं. "मामा, लेट होतंय! सीक्रम, सीक्रम!"

मी म्हणालो, "जा. पेट्रोल खराब असेल, हायवेवर मोकळी होईल."

बॉनेट खाली ओढायला हात लावला... आणि उजव्या खांद्यावर बोट आपटलं. एक, दोन, तीन.

मान वळवली. भिंत.

पाल पडली असेल म्हणून झटकलं. पुन्हा तीन — आता जोरात. तिला राग आला की असंच आपटायची. मी हललो नाही. मग पाठीवरून तळहात खाली आला. सरळ, कमरेपर्यंत.

"बंद कर! गाडी बंद कर!" मी खिडकीतून हात घालून किल्लीच काढली. "सुनंदा, बाळाला घेऊन बाहेर हो!"

"अप्पा, झालं काय?"

"आधी हो म्हणतो ना!"

टॉर्च लावून बघितलं. तीन नंबरच्या इंजेक्टरच्या बुडातून पेट्रोलचा ओघळ, खाली तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाकडे चाललेला. अजून वीतभरच अंतर.

इंजेक्टरची रबरी रिंग चिरलेली होती. ती मीच चिरली. आदल्या दिवशी डोळे भरून आले होते, तेलाचा हात न लावता तशीच दाबून बसवली. चाळीस वर्षांत अशी चूक केली नव्हती. नातू मागच्या सीटवर होता.

सुनंदाने विचारलं, "अप्पा, कळलं कसं?"

"वास आला," म्हणालो.

माझं नाक गेलंय हे तिला लहानपणापासून माहीत. ती माझ्या मागच्या भिंतीकडे बघत राहिली.

कार्तिक म्हणतो, म्हातारपणी शीर उडते मामा, मनावर घेऊ नका. उडत असेल. पण शिरेला इंजेक्टरचा नंबर कुणी सांगितला?

आता कुठलीही गाडी आली की मी भिंतीकडे पाठ करून उभा राहतो. चार बोटं जागा ठेवतो. अजून तरी पुन्हा काही झालेलं नाही.