क्रोमचं पाणी आणि पांढरी माती

जुन्या हुबळीत अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, क्रोम चढवण्याचा कारखाना होता. कारखाना कसला, दोन हौद आणि पत्र्याची शेड. क्रोम चढवलेले भाग धुतल्याचं पिवळं पाणी मागच्या गटारात जायचं. गटाराला लागून शेजारच्या अक्कांची विहीर. नव्वदच्या दशकाअखेरीस तिचंही पाणी पिवळसर झालं. अक्का भांडल्या नाहीत, मुकाट नळावर रांग लावू लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी तेव्हा धारवाडला, मळमड्डीत खोली घेऊन, रसायनशास्त्रात संशोधन करत होते. प्रयोगशाळेत एक पांढरी माती बनवायची. तिचे पापुद्रे एकावर एक, मधल्या फटींत क्लोराइड. विषारी क्रोमेट आलं की क्लोराइडला उठवून स्वतः बसतं, आणि अडकतं. पाणी नितळ, माती पिवळी. हे आपल्या शेडमध्ये करायचंच, मी अप्पांना बजावलं. आधी लग्नाचं बघ, ते म्हणाले. मी कसली ऐकतेय!

पण शेडमध्ये माती घालूनही पाणी पिवळं ते पिवळंच. तीन रविवार फुकट गेले. चौथ्या रविवारी सकाळीच जाऊन ठाण मांडलं, तेव्हा दिसलं: माझ्याकडे द्यायच्या प्रत्येक बादलीत अप्पा मूठभर धुण्याचा सोडा टाकत होते. आम्ल मारायला, पोरीच्या मातीला त्रास नको म्हणून. मी कपाळावर हात मारला. सोड्यातलं कार्बोनेट आधीच पंगतीत बसून घ्यायचं आणि उठायचं नावच घ्यायचं नाही. खरं तर क्रोमचं पाणी आम्लाचं असतं, मग हे तसं कसं नाही, हा प्रश्न मलाच पडायला हवा होता. शिकलेली मी!

आम्ल मारायला सोड्याऐवजी चुन्याची निवळी घातली, मग माती ढवळली. पाणी नितळलं. अप्पा खूश झाले, मी नाही. चाचणीचे थेंब टाकले तर पाणी गुलाबी. म्हणजे क्रोम शिल्लक होतं. पुन्हा माती घातली, पुन्हा ढवळलं. संध्याकाळी थेंबांनी गुलाबी रंग उमटणं एकदाचं थांबलं. पिवळी माती पिंपात भरून झाकण ठोकलं.

"आणि विहिरीत गेलंय ते?" अप्पांनी विचारलं.

पुढच्या रविवारी तेच दोर-बादली घेऊन विहिरीवर गेले आणि पाणी उपसून माझ्या मातीतून गाळायला लागले, बादली बादली. अक्का दारात आल्या. किती दिवस चालायचं हे, म्हणाल्या.

अप्पांनी दोर सोडला नाही. "तुम्ही हे पाणी प्यायला लागेपर्यंत."