चालत्या डावात

आमच्या मजल्यावर तिला सगळे कपबशी म्हणतात. नाव मी ठेवलंय, त्यामुळे टिकलं. कुणाच्या घरी चार माणसं बसलेली दिसली की ही दारात उभी. ये म्हटलं की येते, पण बसेल तर शपथ. रिकाम्या कपबश्या गोळा करून थेट मोरीकडे. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा ही कडेला उभी आहे, हातात कुणाचातरी पेला.

शर्टांच्या कारखान्यात काजंबटणं करण्यात उमेदीची वर्षं गेली, मग डोळे अधू झाले आणि कारखान्याने घरी बसवलं. नवरा कंबरेने आधीच आडवा. अशात एका वृद्धनिवासात सोबतिणीची जागा निघाली. तिथल्या बाईंनी सांगितलं, एक दुपार येऊन दाखव, मग ठरवू. काय करायचं विचारलं तर इंग्रजीत दोनच शब्द: जॉइन इन.

ते शब्द वाटेत सांडू नयेत असे ओठ मिटून ती माझ्याकडे आली. मी शिकवण्या घेते, त्यामुळे इमारतीच्या इंग्रजीचा मक्ता माझ्याकडे.

"म्हणजे रुजू व्हायचं ना, ताई?"

मी सांगितलं, रुजू होणं म्हणजे नुसतं जॉइन. हे निराळं. गप्पा, गाणं, खेळ, काहीतरी आधीपासून रंगलेलं असतं आणि आपण त्यात शिरतो. पोरं खेळत होती, आजोबाही उतरले. आजोबांनी जॉइन इन केलं.

"कुणी बोलावल्यावर?"

"न बोलावता."

तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, मला बघ, मला आजवर कुणी बोलावलंय? पण तिला हसू आलं नाही.

मग मी तालीम ठेवली. समोरचा वायरमन, त्याच्या सासूबाई आणि मी पत्ते घेऊन बसलो. तिला बोलवायचं नाही, असं ठरलेलं. ती दारात पदर पिळत उभी. एक डाव झाला, दुसरा झाला. शेवटी आली ती सासूबाईंचा अर्धा चहा कपासकट उचलून घेऊन गेली. मोरीपाशी मला हळूच म्हणाली, "उद्या असंच झालं तर घरात पैसा कुठून येणार?"

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी पोरांवर विनाकारण खेकसले. तिचा नवरा भिंत धरत धरत येऊन दोनदा विचारून गेला, काही कळलं का. संध्याकाळी ती आली आणि जिन्यातच बसून रडायला लागली.

झालं होतं ते असं. तिथे म्हातारी मंडळी पत्ते खेळत होती. ही दारात. बाई काचेपलीकडून बघतायत. कुणी बोलावलं नाही, तेव्हा हिने आपल्या कपबश्या गोळा करायला घेतल्या. त्या घेऊन खुर्च्यांच्या मागून जाताना दिसलं, एक आजी खुशाल मांडीखाली पत्ता सरकवतायत आणि समोरचे आजोबा हरून रडकुंडीला आलेत.

"तोंडातून निघूनच गेलं हो. म्हटलं, आजी, मांडीखालचा काढा."

आजी म्हणाल्या, तू कोण टिकोजीराव? झालं. हिने खुर्ची ओढली, आजोबांच्या बाजूने बसली, आणि जेवणाची घंटा होईपर्यंत दोघींची जुंपलेली.

"पहिल्याच दिवशी म्हाताऱ्या माणसाशी भांडले. गेली नोकरी, ताई."

तेवढ्यात नवरा फोन घेऊन दारात आला. बाईंचाच होता. ती जिन्यातच उभी राहिली, ऐकत गेली, हो हो म्हणत गेली. आजींनी निरोप ठेवला होता: ती भांडखोर उद्यापासून येणार असेल तरच मी पत्ते पिसते.

नवरा तिथेच पायरीवर टेकला. मला मात्र राहवलं नाही.

"आणि कपबश्या गं?"

तिने डोळे पुसता पुसता हात थांबवला. "अगंबाई," ती म्हणाली, "त्या तशाच खिडकीत राहिल्या." आणि पुन्हा काळजीत पडली.