‘दिने’ला येतो

सोलांजबाईंनी गादी स्वतः झोपून तपासली होती. चादरींना दोनदा इस्त्री झाली होती. तरी शनिवारी सकाळी त्या पुन्हा जाऊन नळ सोडून आल्या, खिडक्या उघडून आल्या. जीव काही थाऱ्यावर नव्हता.

फ्रान्समधल्या लिमूझाँच्या डोंगरातलं, त्यांच्या घराला लागूनचं ते दगडी घर त्यांच्या आईचं; तेच भाड्याने द्यायचं होतं. मुलगा तिएरी शहरातून येऊन बजावून गेला होता, "आई, एवढा एक उन्हाळा बघू. स्वस्तात सुट्टी घालवायला कुणी आलं तर आलं, नाहीतर पानगळीत विकून मोकळे होऊ." जूनमधले पाहुणे फिरकलेच नाहीत. आता सगळी भिस्त पॅरिसच्या दुलाक मंडळींवर.

दुलाकबाई फोनवर गोड बोलल्या होत्या. "शनिवारी दिनेला, जेवायलाच पोचतो हं, मादाम."

"या की! पहिलं जेवण माझ्याकडे," असं सोलांजबाई बोलून गेल्या.

चर्चची दुपारची घंटा झाली तेव्हा टेबल मांडून तयार होतं. बटाट्याचा पाटे, पिठाच्या पारीत बटाटे भरून भाजलेला, भट्टीतून निघाला होता, वरचं झाकण कापून आत साय ओतली होती. घरभर वास. रस्ता मात्र रिकामा.

शेजारचा फर्मां कुंपणावर कोपर टेकून उभा. "काय गं, राणी यायचीय का?"

"वाट चुकले असतील रे."

"पॅरिसवाले? त्यांना समुद्र दिसला असेल वाटेत. तुझ्या चिखलात कोण येतंय!"

"तुझ्या तोंडाला काही हाड?"

पाटे गार झाला. आतली साय थिजली. सोलांजबाईंना आधी वाटलं, गाडी बिघडली. मग वाटलं, अपघात. मग सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की त्यांना दुसरीकडे बरं घर मिळालं. फोन लावला, तर लागेना. चार वाजता फर्मां आत आला, न विचारता बसला आणि म्हणाला, "वाया घालवू नकोस, वाढ." दोघांनी अर्धा पाटे खाल्ला. सोलांजबाईंना घास गोड लागला नाही. त्या उठल्या, फाटकावरची 'घर भाड्याने' ही पाटी उपटली आणि मांडीवर घेऊन पायरीवर बसल्या. तिएरीला काय सांगायचं, ते मनाशी जुळवत होत्या.

सूर्य टेकायला आला तेव्हा एक गाडी समोरून गेली. परत आली. पुन्हा गेली.

"अगं ए," फर्मां ओरडला, "पाटी तुझ्या मांडीवर आहे आणि ते घर शोधतायत!"

म्हाताऱ्याने लाकडी बूट फटफटवत गाडीमागे धाव घेतली. गाडी मागे आली. दुलाकबाई हसत उतरल्या. "अगदी वेळेवर ना, मादाम? दिनेला म्हटलं होतं!"

"दिने तर दुपारीच होऊन गेलं!" सोलांजबाई रडकुंडीला येऊन म्हणाल्या.

फर्मां पोट धरून हसायला लागला. आमच्याकडे डोंगरात दिने म्हणजे दुपारचं जेवण; रात्रीचं ते सुपे. पॅरिसला रात्रीच्या जेवणाला दिने म्हणतात, हे टीव्हीवर रोज ऐकूनही बाईंच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

"अर्धाच पाटे उरलाय हो," त्या कसनुशा होऊन म्हणाल्या.

"अर्धा का होईना! वास फाटकापर्यंत येतोय."

उरलेला पाटे गरम झाला, अंडी फुटली, चीज निघालं. मंडळी झोपायला निघाली तेव्हा सोलांजबाईंनी जरा धीर करून विचारलं, "उद्या देजनेला कॉफी देऊ ना?"

दुलाकबाई बुचकळ्यात पडल्या. "देजनेला? दुपारच्या जेवणात नुसती कॉफी?"

सोलांजबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्याकडे देजने म्हणजे सकाळची न्याहारी. "बाई, उजाडल्यावर देऊ ना? कोंबडा आरवला की!"

"चालेल, चालेल!"

तेव्हा कुठे त्यांचा जीव खाली बसला. फर्मांच्या हातात हातोडी देऊन त्या म्हणाल्या, "पाटी ठोक. आणि घट्ट ठोक. मला पुन्हा उपटता येता कामा नये."