घरगाडीचं दुसरं पोट

मास्तरीणबाईंच्या नणंदेला सगळे पाठीमागे ‘दाभण’ म्हणत. दाभण म्हणजे पोती आणि गाद्या शिवायची जाड, लांब सुई. नणंद होतीही तशीच. उंच, सरळ, आणि समोर काय आहे याची फिकीर न करता आरपार जाणारी. तोंडावर मात्र ताई. तोंडावर दुसरं काही म्हणायची कोणाची छाती नव्हती, सख्ख्या धाकट्या भावाचीही नाही.

ताईंचं काम गाद्यांचं. नाट्यगृहातल्या खुर्च्या, न्हाव्याच्या खुर्च्या, दातांच्या डॉक्टरची ती आडवी होणारी खुर्ची, लांब पल्ल्याच्या बसमधल्या सीटा. माणसाचं बूड जिथे टेकतं ते सगळं ताई उसवत, भरत आणि पुन्हा शिवत. लग्न केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणत, “वेळ झाला नाही.” ते खरंच असावं. राहायला घरगाडी. बाहेरून बस, आत पलंग, ओटा, बेसिन, कपाटं आणि शिलाईचं मशीन. ज्या गावात काम निघेल तिथे जायचं, नाट्यगृहाच्या मागे गाडी लावायची, शेवटची खुर्ची होईपर्यंत राहायचं आणि किल्ली फिरवून चालू पडायचं. नातेवाइकांकडे जेवतील, गप्पा मारतील, पण झोपायला आपल्या गाडीत. “दुसऱ्याच्या घरात रात्री पाणी प्यायला उठायचं तरी चोरासारखं उठावं लागतं,” असं त्यांचं म्हणणं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भावाने गाडी आपल्या परसात आणून उभी केली आणि ताई वर्षभर तिथेच राहिल्या. परसात, म्हणजे गाडीतच. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विजेची एक लांब वायर गाडीत सोडली होती, तेवढाच काय तो भावाच्या घराशी संबंध. आता गुडघा बरा झाला, लांबच्या एका गावाहून जुन्या नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं बोलावणं आलं, ताईंनी दोन्ही हातांनी केस मागे सारून किल्ली फिरवली, आणि गाडी हूं की चूं करेना.

भाऊ याच क्षणाची वाट बघत होता असं म्हणणं दुष्टपणाचं होईल, पण त्याचा चेहरा तसा होता खरा. “ताई, बास झालं आता,” तो म्हणाला. “मागची खोली रिकामी आहे. हिने रंग दिलाय, पडदे लावलेत. किती दिवस अशी भटकणार?”

“मी भटकत नाही. कामाला जाते.”

“गाडी मेली आहे.”

“बॅटरी बसली असेल. एवढंच.”

मेकॅनिक आला. ताईंनीच त्याला पलंगाची फळी उचलून आतली बॅटरी दाखवली. त्याने ती काढून नवी घातली. लगेच आतले दिवे असे लखलखले की डोळे मिटून घ्यावेत. किल्ली फिरवली. पुन्हा चूप. मेकॅनिकने इंजिनाकडे दहा वेळा वाकून पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि सांगितलं की बॅटरी ठणठणीत आहे, दिवे बघताय ना, म्हणजे दोष इंजिनात, आणि या जुन्या इंजिनाच्या नादी कोणी लागू नये.

तेव्हा भावाने भंगारवाल्याला बोलावणं धाडलं. ताईंनी नाही म्हटलं नाही. त्यांनी एवढंच सांगितलं, “शनिवारी दुपारी त्याचा ट्रक येईल. दुपार सरेपर्यंत गाडी स्वतःच्या दमावर चालू झाली तर मी जाईन. नाही झाली तर घेऊन जाऊ दे तिला. मी येते तुमच्या खोलीत.” आणि दाभणाने दिलेला शब्द म्हणजे दोन पदरी टाका. तो उसवत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी मास्तरीणबाई चहा घेऊन गाडीत गेल्या. खरं सांगायचं तर त्यांना ताई खोलीत यायला हव्या होत्या. थोडं मायेने, थोडं सोबतीसाठी, आणि थोडं वेगळ्याच कारणाने. वर्षानुवर्षं कोणाला न विचारता जगणारी ही बाई, तिला एकदा तरी ‘मास्तरीण, जरा बाहेर जाऊन येऊ का’ असं म्हणताना ऐकावं, अशी एक बारीकशी इच्छा त्यांच्या मनात होती. ती त्यांना स्वतःलाही आवडत नव्हती. पण होती.

ताई पलंगाच्या कडेला बसून सुया डब्यात भरत होत्या. मोठ्या, वाकड्या, अर्धचंद्रासारख्या, एकेक. त्यांचे हात बाईंनी पूर्वी असे निवांत पाहिले नव्हते. बोटांची टोकं चामड्यासारखी झाली होती.

“चहा घ्या.”

“ठेव. मास्तरीण, तुमच्या खोलीला कडी आतून आहे की बाहेरून?”

“आतून आहे. बाहेरूनही आहे.”

“बाहेरची काढून टाक.”

बाईंनी चहा ओट्यावर ठेवला. त्या वर पंख्याकडे बघत राहिल्या. नव्या बॅटरीवर पंखा भन्नाट फिरत होता. मग काहीतरी करायचं म्हणून त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसून किल्ली फिरवली. काही नाही. समोरचे काटे, छोटे लाल दिवे, काहीच हललं नाही की लागलं नाही.

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेलं. फळ्यावर खडूने विजेचा घट काढायचा, तार काढायची, दिवा काढायचा, बाण काढायचे. बाण आठवले आणि बाई थबकल्या.

“ताई, पंखा फिरतोय.”

“दिसतंय मला.”

“पंख्याला वीज मिळते आणि किल्लीला थेंबभरही नाही. इंजिन बिघडलं असतं तरी हा लाल दिवा लागायला हवा. म्हणजे यांची वीज एका पोटातून येतच नाही. घराचं पोट वेगळं, गाडीचं वेगळं. पलंगाखाली आहे ते घराचं.”

ताईंनी हातातली सुई खाली ठेवली. मग सीटमागच्या जमिनीकडे पाहिलं. तिथे विटकरी रंगाचं, आत कापूस भरलेलं जाड आच्छादन होतं, भिंतीपासून भिंतीपर्यंत, कडेने दुहेरी शिलाई आणि चुका, म्हणजे बारीक पितळी खिळे, मारलेलं. ताईंनी स्वतः केलेलं. पाहुणे येत तेव्हा ते पायांनी दाबून बघत आणि वा म्हणत.

“मागे एकदा एका गॅरेजवाल्याने इथेच कुठेतरी हात घातला होता,” ताई हळूच म्हणाल्या. “मी समोरच्या दुकानात दोरा बघत होते. तो म्हणाला, बॅटऱ्या बदलल्या, आता काही वर्षं बघायला नको. मी म्हटलं, नको तर नको. आणि पुढच्या मुक्कामात हे आच्छादन शिवलं.” त्यांनी पायाने ते दाबून पाहिलं. “एवढी वर्षं मी तिच्या तोंडावर गादी शिवून झोपले म्हणायची.”

“उसवायचं?”

“उसवायचं नाही तर काय, हार घालायचा?”

ताईंनी उसवायला घेतलं आणि बाई बघत राहिल्या. एकही दोरा तुटला नाही. चुका उचकटून एका वाटीत, टाके एकेक करून सुटे, कापड एका कडेने वर गुंडाळलेलं, जणू पुन्हा केव्हाही लावता यावं. स्वतःच्या हातचं चांगलं काम उसवताना माणसाचा चेहरा कसा व्हावा? ताईंचा चेहरा काम करणाऱ्या माणसाचा होता, त्याहून काही नाही.

खाली पत्र्याचं झाकण निघालं, बोटं घालायला दोन भोकं असलेलं. ते उचललं आणि दोघी डोक्याला डोकं लावून आत वाकल्या.

एका खळग्यात दोन मोठ्या काळ्या बॅटऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीच्या पॉझिटिव्हपासून दुसरीच्या निगेटिव्हपर्यंत एक आखूड जाड वायर. टर्मिनलांवर पांढरी हिरवी बुरशीसारखी भुकटी चढलेली. एकीचं अंग फुगलेलं. नुसत्या उभ्या राहून, कोणी न विचारता, अंधारात संपून गेल्या होत्या त्या. बाई आणखी खाली वाकल्या. फळ्यावरची ती दोन चौकटींची आकृती त्यांनी हजारदा काढली असेल, पण एवढी जड, एवढी खरी ती कुठेतरी असते, आणि तिच्यावर एक अख्खं घर फिरतं, हे त्यांनी कधी मनावरच घेतलं नव्हतं.

“दोघींची मिळून एक ताकद,” त्या म्हणाल्या. “एकसर जोडणी.”

“धडा नंतर. नव्या कोण आणणार? मी गेले तर तोवर ट्रक येईल.”

मास्तरीणबाईंनी मोबाइलवर खळग्याचा फोटो काढला, नवऱ्याच्या गाडीची किल्ली खुंटीवरून घेतली आणि निघाल्या. अहोंनी विचारलं, “कुठे?” तर म्हणाल्या, “बाहेर.” एवढं छोटं उत्तर त्यांनी लग्न झाल्यापासून दिलं नव्हतं. रंग दिलेली खोली, पडदे, ती बारीकशी इच्छा, सगळं मागे राहिलं, आणि हे आपण करतोय याचंच त्यांना रस्ताभर नवल वाटत होतं.

बॅटरीच्या दुकानदाराने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “एकच घ्या की,” असं तो म्हणेल असं बाईंना वाटलं होतं, पण तो म्हणाला, “दोन्ही एकदम बदलायच्या. एक जुनी ठेवलीत तर ती नवीला घेऊन बुडेल. आणि हे बघा, पॉझिटिव्ह कुठल्या बाजूला आहे ते नीट बघून देतो, नाहीतर वायर पुरणार नाही आणि तुम्ही येऊन माझ्या नावाने ओरडाल.”

“मी ओरडत नाही,” बाई म्हणाल्या.

“शाळेत होतात ना? माझा थोरला होता तुमच्या वर्गात.”

परतल्या तेव्हा ताईंनी हातात पाना घेऊन गाडीच्या पायरीवरच बैठक मारली होती. “अंगठी काढ,” त्यांचा पहिला हुकूम. “पाना, अंगठी आणि टर्मिनल एकत्र आले तर बोट जाईल.” अंगठी निघेना, इतक्या वर्षांत बोट तिच्याभोवती वाढलं होतं. ताईंनी चामड्याचा एक तुकडा घेतला, बाईंच्या बोटाभोवती गुंडाळला आणि बोटावरच चार टाक्यांत टोपी शिवून टाकली. सुई कातडीला लागली नाही. 

“आधी मायनस सुटा करायचा,” बाई म्हणाल्या. “लावताना तो सगळ्यात शेवटी.”

“का?”

“गाडीचं सगळं लोखंड मायनसला जोडलेलं असतं. तो आधी सोडवला की पाना कुठे टेकला तरी ठिणगी पडत नाही.”

“बरं. शिकवलंस ते कामाला आलं म्हणायचं.”

गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून बाईंनी वायरींच्या टोकांवर ओतला. भुकटी फसफसली, फुगली, आणि खालून तांबूस, जिवंत धातू वर आला. मग उचलायची वेळ. एकेक बॅटरी म्हणजे धडधाकट माणसाला घाम फोडणारी. ताईंनी खुर्च्यांखाली ताणतात तो जाड पट्टा बॅटरीखालून घातला, दोन टोकं दोघींनी धरली आणि “उचल” म्हटल्यावर बॅटरी पाळण्यातल्या मुलासारखी झुलत वर आली. ताईंचा गुडघा कळवळला असणार.  जुन्या दोन्ही बाहेर, नव्या दोन्ही आत.

तेवढ्यात फाटक करकरलं. भंगारवाल्याचा ट्रक मागे मागे येत परसात शिरला आणि बरोब्बर घरगाडीच्या नाकासमोर थांबला. त्यातला माणूस खाली उतरून साखळी काढू लागला.

“ताई,” भाऊ खिडकीखाली येऊन म्हणाला, “आले ते.”

“दिसतंय. अजून दुपार आहे ना? मग थांब.”

शेवटची वायर बाईंच्या हातात होती. मायनस. त्यांनी ती टर्मिनलपाशी नेली, आणि टेकण्याआधीच एक छोटी निळी ठिणगी पुढे येऊन तिला भेटली. फक्त एकदा, तिचाच काय तो आवाज. बाईंनी पान्याने आवळलं. किल्ली सकाळपासून फिरवलेलीच राहिली होती; पुढे डॅशबोर्डवर एक लाल दिवा लागला होता.

“लागला,” त्या म्हणाल्या. 

ताई सीटवर बसल्या, केस मागे सारले आणि किल्ली फिरवली. आधी एक घरघर, म्हाताऱ्याने झोपेतून उठताना घसा साफ करावा तशी. थांबली. पुन्हा घरघर, मग खोकला, मग काळ्या धुराचा एक लोट ट्रकवाल्याच्या तोंडावर. आणि मग इंजिन असं धडधडलं की कपाटातल्या बश्या वाजायला लागल्या. चमचे वाजले, सुयांचा डबा वाजला, थंड झालेल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठली. बाई उघड्या खळग्याशेजारी जमिनीवरच बसून होत्या. ती थरथर त्यांच्या तळव्यांतून वर येत होती. बाहेर ट्रकवाला साखळी हातात धरून तसाच उभा.

“भाऊ,” ताई काचेतून ओरडल्या, “त्याला सांग, मागे घे. मला जायचंय.”

ट्रक मागे सरला. ताईंनी वायर खिडकीतून काढून टाकायला सांगितली आणि गिअर टाकला.

तेव्हा बाईंनी खिडकीतून पाहिलं. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी, तिच्यातलं कढईचं टोक, मागच्या खोलीचे नवे पडदे, अहोंचा वर उचललेला हात, सगळं मागे सरकत होतं. त्या जिथे बसल्या होत्या ते घर पुढे निघालं होतं आणि जिथे त्या आयुष्यभर राहिल्या ते घर मागे पडत होतं. चालत्या बसमधून बाहेर त्यांनी हजार वेळा पाहिलं होतं. पण चालत्या घरातून आपलं घर त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. ते किती लहान होतं, आणि किती खंबीरपणे जागेवर उभं होतं.

कोपऱ्यावर ताईंनी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं नाही.

“उतर आता. नाहीतर नाट्यगृहापर्यंत येशील.”

“जमीन उघडीच राहिली. शिवायची नाही?”

“शिवेन. पण या वेळी कडेला बटणं लावीन.” ताईंनी बाईंकडे पाहिलं. “काम संपलं की येते. राहायला नाही. जेवायला.”

“कडी काढून ठेवू का बाहेरची?”

“काढ. उगाच कोणीतरी कोंडलं जाईल.”

बाई उतरल्या. गाडी रस्त्याच्या वळणावर दिसेनाशी होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, कोणी बघतंय का याची फिकीर न करता. मग घरी आल्या. परसात जिथे वर्षभर गाडी उभी होती तिथे गवताशिवायचा एक लांबट चौकोन होता आणि भाऊ त्याच्या काठाशी उभा होता, चौकोनात पाय न ठेवता.

“गेली,” तो म्हणाला. “आता मागच्या खोलीचं काय करायचं?”

“काय करायचं? राहू दे तशीच,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आपलं घर थोडंच कुठे जातंय.” आणि बोटावरची चामड्याची टोपी तशीच ठेवून त्या पेचकस शोधायला आत गेल्या.