समुद्रातल्या विहिरीचा मुकादम

खडकवाडीचा नाथाजी मुकादम विहिरी खोदायचा. म्हसवडच्या आसपासच्या दहा-बारा गावांत त्याच्या हातच्या विहिरी होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांना पाणी नव्हतं. त्याबद्दल त्याला कुणी बोललं तर तो आभाळाकडं बोट दाखवायचा. पण एका गोष्टीत त्याच्यापुढं कुणाची बोलायची टाप नव्हती. वीस वर्षांत त्याच्या विहिरीत एकही माणूस मेला नव्हता.

खोल विहिरीच्या तळाला खराब हवा साचते. माणूस उतरतो, दोन पहारी मारतो आणि हाकसुद्धा न मारता आडवा होतो. म्हणून नाथाजीची एक रीत होती. माणसं खाली गेली की त्यांच्या पाठोपाठ पेटता कंदील दोरानं सोडायचा आणि आपण काठावर बसून ज्योतीवरची नजर हलवायची नाही. ज्योत बसायला लागली की सगळ्यांना वर घ्यायचं. रीत चांगलीच होती. तिनं कितीतरी माणसं वाचवली. पण नाथाजीच्या डोक्यात तिचा इतका ताठा शिरला होता की जगात विहीर म्हणून जे काही आहे ते आपल्याला कळतं, अशी त्याची पक्की समजूत झाली होती.

त्याचा धाकटा भाऊ कृष्णात. आईबाप एकाच साथीत गेले, तेव्हा कृष्णात पाच वर्षांचा होता, आणि नाथाजीनंच त्याला वाढवलं. मोठा झाल्यावर तो पलटणीत गेला, लढाईची चार वर्षं इराककडं पेट्रोलच्या साठ्यांवर पहारा करून आला. अंगानं दांडगा, स्वभावानं गरीब. तंबाखूच्या नुसत्या वासानं त्याला मळमळायचं. पलटणीत सगळे धूर काढत बसले की हा बाहेर उन्हात जाऊन उभा राहायचा, आणि घरी आल्यावर ती गंमत बायकोला, बनुबाईला, सांगायचा. त्याची एकुलती पोर रंगू. तिची सोयरीक त्यानं पलूसच्या एका बागायती घरात जमवली होती. आमच्या कोरड्या माळावरची पोर बारमाही पाण्याच्या गावात नांदायला जाणार, म्हणून बनुबाईचे पाय त्या वर्षी जमिनीवर नव्हते.

सेहेचाळीस साली सांगलीहून मधुकर नावाचा एक कोटवाला कारकून गावात आला. इराणच्या आखातात एक विलायती कंपनी चक्क समुद्रात विहीर पाडत होती, आणि तिला खाली उतरायला न भिणारी माणसं हवी होती. समुद्रात विहीर! गाव हसून हसून बेजार झालं. पण नाथाजी हसला नाही. त्यानं कृष्णातला आणि आणखी तिघांना घेतलं आणि मुंबईहून बोट धरली. त्या तिघांत गावातल्या चंद्राबाईचा एकुलता एक पोरगा जोतिबाही होता.

किनाऱ्यापासून मैलभर आत, दोन पुरुष खोल पाण्यात खांब ठोकून कंपनीनं भला थोरला माचा उभा केला होता. त्यावरून समुद्राच्या तळात नळ घातला होता. साहेबलोकांना हवं होतं तेल, आणि लागला गॅस. आधी ते हिरमुसले, मग त्यांनी ठरवलं की गॅस तर गॅस, त्याच्यावर किनाऱ्यावरचा कारखाना चालवायचा. तळावरून लोखंडी नळ टाकत टाकत त्यांनी तो किनाऱ्याला नेला. जास्तीचा गॅस माच्यापासून लांब, एका उंच नळीच्या टोकाला रात्रंदिवस जळत असे. गॅस सोडायच्या आणि बंद करायच्या झडपा माच्याखाली एका लोखंडी हौदात होत्या. हौद वीस हात खोल, उतरायला एकच शिडी. त्यात समुद्राचं पाणी पाझरायचं. आठवड्यातून दोनदा खाली उतरून ते उपसायचं आणि झडपा आवळायच्या, हे खडकवाडीकरांचं काम.

साहेबाचा नियम एकच होता, आणि तो बोटीत पाय टाकतानाच सांगितला जायचा. माच्यावर आग न्यायची नाही. काडेपेटी, बिडी, चिलीम सगळं किनाऱ्यावर. हौदात उतरण्याआधी यंत्राच्या पंख्यानं तासभर हवा मारायची आणि मग खुशाल उतरायचं.

नाथाजीला हे पटलं नाही. यंत्रानं हवा मारली, पण ती चांगली झाली हे बघितलं कुणी? आठ महिने त्यानं कळ काढली. मग एक दिवस दुसऱ्या टोळीचा एक माणूस हौदातून बेशुद्ध वर काढला, आणि नाथाजीचं डोकं फिरलं. दुसऱ्या सकाळी त्यानं घोंगडीत कंदील गुंडाळला, फेट्याच्या पदरात काडेपेटी खोचली आणि बोटीत बसला. घोंगडी कुणी उलगडून बघितली नाही.

माच्यावर कृष्णातनं कंदील बघितला आणि तो पांढराफटक पडला.

"दादा, ह्यो हितं न्हाई चालायचा. ही आपल्याकडची हवा न्हवं. ही पेट घेती. म्या पलटनीत बगितलंय."

"तू मला इहीर शिकिवतो?"

"दादा, पाया पडतो."

"त्यो तितं येवढा जाळ चाललाय रातंदिस," नाथाजीनं लांबच्या नळीकडं हात केला, "त्येनं काय झालं न्हाई, आन माज्या कंदिलानं हुतंय व्हय? गप उतर."

चारचौघांत त्यानं कृष्णातच्या थोबाडीत मारली. तेहतीस वर्षांच्या, पलटणीत हवालदार झालेल्या माणसाच्या. कृष्णात मुकाट्यानं शिडीला लागला. थोरल्या भावाला उलट बोलायचं नाही हे त्याला लहानपणापासून शिकवलं होतं, आणि शिकवणारा समोरच उभा होता. बाकीचे तिघे त्याच्यामागं गेले. माच्यावर नाथाजी एकटाच राहिला. त्यानं कंदील पेटवला आणि रीतीप्रमाणं दोर सोडायला सुरुवात केली.

खालून कृष्णातचा आवाज आला, "दादा, वर घे! दादा, वर..."

नाथाजी शुद्धीवर आला तो किनाऱ्यावरच्या दवाखान्यात. स्फोटानं त्याला समुद्रात भिरकावलं होतं. भुवया जळाल्या होत्या, एक कान गेला होता. खालचे चौघे गेले. ओळखावं असं त्यांच्यातलं काही वर आलं नाही.

साहेब दुभाष्याला घेऊन खाटेपाशी आला आणि त्यानं विचारलं, आग कुणी नेली?

खरं बोलला असता तर तुरुंग झाला असता, असं कुणी म्हणेल. नाथाजीला तुरुंगाची भीती नव्हती. त्याला भीती वाटली ती आपल्या गावाची. नाथा मुकादमाच्या कंदिलानं चार माणसं मारली, हे चावडीवर बोललं जाणं त्याला सोसणार नव्हतं. मेलेल्या भावाला आता काय लागणार होतं?

"क्रिस्नात बिडी वढायचा," तो म्हणाला.

दुभाष्यानं सांगितलं, साहेबानं लिहून घेतलं. तीन शब्द.

नाथाजी घरी पोचण्याआधी कंपनीचा कागद पोचला. लालासाहेब पाटलांनी तो चावडीवर वाचून घेतला. कृष्णातच्या बिडीनं चौघे मेले, असं त्यात थोरल्या भावाच्या जबाबासकट मराठीत स्वच्छ लिहिलं होतं. गाव आधी चक्रावलं. कृष्णात आणि बिडी? मग कुणीतरी म्हणालं, तिकडं जाऊन लागली असेल. झालं, तेवढं बोलणं पुरलं.

त्या वर्षी बनुबाईचं जे झालं ते कुत्र्याचंही होऊ नये. ती पाण्याला आली की बायका आपापले पोहरे वर ओढून घ्यायच्या आणि ती जाईपर्यंत पाठ करून उभ्या राहायच्या. पलूसकरांनी निरोप धाडला की चार घरं बुडवणाऱ्याची पोर आम्हाला नको. रंगूला पोरींनी खेळातून काढली. दर अमावास्येला बनुबाईच्या उंबऱ्यावर बिड्यांचा एक कट्टा आणून ठेवलेला असायचा. ठेवणारी चंद्राबाई होती हे सगळ्यांना माहीत होतं आणि तिला कुणी अडवत नव्हतं. एकुलता एक पोरगा गेलेली बाई ती. तिला तरी काय म्हणायचं?

आणि नाथाजी? भावजयीकडं धान्य पोचवायचा, तिच्या घराचं छप्पर शाकारायचा. गाव म्हणायचं, दीर असावा तर असा. बनुबाई डोक्यावरचा पदर पुढं ओढून त्याला एकदाच म्हणाली होती, "भावजी, त्येनी बिडी वढत न्हवतं. तुमी तितं हुतासा. तुमी गावाला सांगा." नाथाजी खाली मान घालून म्हणाला, "बगू." आणि तो बघतच राहिला. त्याला झोप लागत नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं, हे सगळं खरं आहे. पण बनुबाईला त्याचा काय उपयोग?

अठ्ठेचाळीस साली वर्षश्राद्ध आलं. पहिल्यांदा, कागद आल्यावर, दहाव्याला कृष्णातच्या पिंडाला कावळा शिवला नव्हता. भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली होती. त्यानंतर पावसानं ओढ दिली, दोन बैल मेले, आणि गावानं ते कृष्णातच्या अडकलेल्या जिवाच्या माथी मारलं. म्हणून या खेपेला कावळा शिवलाच पाहिजे असं ठरवून सगळं गाव ओढ्याकाठी गोळा झालं.

नाथाजीनं पान मांडलं. दहीभात, वडा, कृष्णातला आवडायची म्हणून शेंगदाण्याची चटणी. समोरच्या बाभळीवर तीन कावळे बसले होते.

"रंगूचं लगीन म्या लावून दीन," नाथाजी हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"बनूला अंतर द्यायाचा न्हाई." कावळे हलले नाहीत.

ऊन चढलं. पोरं कंटाळली. भटजी पंचांग चाळायला लागले. तेव्हा मागून चंद्राबाई पुढं आली. तिनं कनवटीची बिडी काढली आणि नाथाजीपुढं धरली.

"ही ठेव. हिच्यापायी गेला न्हवं का त्यो? हिच्यातच जीव अडाकला असंल. ठेव, म्हंजी सुटंल."

लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं बरोबर आहे, कुणी म्हणालं मेलेल्याची इच्छा ती इच्छा. लालासाहेबांनी मान डोलावली. नाथाजीनं वर बघितलं. रंगूला पोटाशी धरून बनुबाई उभी होती. तिच्या डोक्यावरचा पदर मागं गेला होता आणि ती जन्मात पहिल्यांदा दिराच्या डोळ्यांत बघत होती. बोलायचं होतं ते त्यानं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

नाथाजीनं बिडी घेतली आणि पानावर ठेवली.

लोक मागं सरले. थोड्या वेळानं एक कावळा खाली आला, दोन उड्या मारून पानाशी गेला आणि दहीभात खाऊ लागला. बिडीला त्यानं चोचही लावली नाही. पण ते बघायला कुणाला सवड होती? शिवला, शिवला, असा एकच गलका झाला. चंद्राबाई जमिनीवर बसून मोठ्यानं रडली. बनुबाईनं पदर परत डोक्यावर घेतला.

जेवणाची पंगत बसली. पहिला भात वाढून झाला तसा नाथाजी पानावरून उठला.

"ऐका," तो म्हणाला. "क्रिस्नातनं बिडी वढली न्हाई. त्यो वढतच न्हवता. कंदील म्या न्हेला. म्या पेटिवला, म्या सोडला. त्यो नगं म्हनत हुता, म्या त्येला मारलं. चार मानसं म्या मारली."

पानांवरचे हात थांबले. नाथाजी हात लोंबते सोडून उभा राहिला. आता कुणीतरी उठेल, तोंडावर थुंकेल, दगड घालेल, अशी वाट बघत. त्याला ते हवं होतं.

लालासाहेब उठले, जवळ आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते.

"नाथा, आरं किती सोसशील? भाऊ मेला तरी त्येचं पाप आपल्या अंगावर घेतोस व्हय?"

"न्हाई पाटील, खरं हाय त्ये. शपत."

"आरं, कंपनीचा कागद हाय. तूच सांगिटलंस सायबाला. आन आत्ता समद्या गावानं बगितलं न्हवं का? बिडी ठिवली, आन कावळा शिवला."

नाथाजी ओरडला, रडला, त्यानं स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. तो जितका ओरडला तितकी माणसं गहिवरली. चंद्राबाईनं, ज्या बाईचा पोरगा त्यानं मारला होता तिनं, त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मग उठून ती बनुबाईकडं वळली.

"बग, सटवे. असा दीर मिळाला तुला. आन तुजा नवरा!"

पंगत परत जेवायला लागली.

लोक गेल्यावर नाथाजी भावजयीच्या दारात गेला. बनुबाई खरकटी भांडी घासत होती.

"बनू, म्या सांगिटलं गं," तो म्हणाला. "त्येनी न्हाई ऐकलं."

"म्या ऐकलं, भावजी." तिनं हातातलं भांडं खाली ठेवलं नाही. "पर तुमी कवा सांगिटलं? बिडी ठिवल्यावर. घटकाभर आदी सांगिटलं असतंसा, तर समद्यांनी ऐकलं असतं."

नाथाजी दारातच खाली बसला. तिनं भांडी घासून पालथी घातली, रंगूला हाक मारली आणि त्याला ओलांडून ती बाहेर गेली.

आठवड्याच्या आत ती पोरीला घेऊन सांगलीला हळदीच्या वखारीत कामाला निघून गेली. ती परत खडकवाडीत आली नाही. गाव म्हणालं, ब्याद गेली. त्याच महिन्यात पंचांची एक जागा रिकामी झाली, तेव्हा साहेबापुढं सख्ख्या भावाचंही न झाकता खरं बोलणारा माणूस म्हणून सगळ्यांनी एकमतानं नाथाजीला तिथं बसवलं.