ओढणीखालचे गिअर

माझ्या मोठ्या मुलाला गाडी मी शिकवली. हे आधीच लिहून टाकतो, कारण आमच्या नात्यागोत्यात हे कोणी मान्य करत नाही.

अख्खा हिवाळा मी त्याच्या शेजारी बसून घसा कोरडा केला. क्लच म्हणजे काय, अर्धा क्लच म्हणजे काय, चढावर गाडी मागे का येते, सगळं त्याच्या डोक्यात भरलं. ते फक्त हातापायांत उतरायचं बाकी होतं. तेवढ्यात माझा साडू, म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा, एका रविवारी जेवायला आला. जेवण झाल्यावर पोराला घेऊन कात्रजपर्यंत चक्कर मारून येतो म्हणाला. परत आले तेव्हा पोरगा गाडी चालवत होता आणि साडू शेजारी बसून शेंगदाणे खात होता. त्या दिवसापासून प्रत्येक ईदला, प्रत्येक लग्नात, बिर्याणीचं ताट समोर आलं की हा माणूस हळूच म्हणतो, "भाईंच्या पोराला गाडी मी शिकवली." आढी मी लावली, गवत मी घातलं, आंबा पिकल्यावर पेटी यानं उचलली.

साडू सरकारी कचेरीत नोकरीला. त्याच्या गाडीच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. बोलतो इतकं हळू, की समोरच्याला पुढे झुकावं लागतं, आणि लोक याला शांत स्वभाव म्हणतात. मला विचाराल तर या माणसावर आयुष्यात कधी भाव करायची पाळी आलेली नाही, एवढंच. मी मंडईत डोक्यावर पाटी घेऊन सुरुवात केली. मग हातगाडी, मग गाळा, मग व्हॅन. माझा आवाज मोठा आहे, कारण माझ्या आजूबाजूला नेहमी दहा जण त्याच भावात तोच माल विकत होते. याला कोणी ओरडणं म्हणत असेल तर म्हणो.

मुलगी अठरा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी कॉलेजातून येऊन माझ्यासमोर बसली. घरात आमची बोली वेगळी आहे. इथे वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी सगळं मराठीत लिहितो. मराठीत ते जरा जास्त सभ्य वाटतं, त्याला इलाज नाही.

"अब्बा, मला गाडी शिकायची आहे. तुम्हीच शिकवा."

मला किती बरं वाटलं ते मी चेहऱ्यावर दाखवलं नाही. गरज दाखवली की भाव चढतो.

"पण ओरडायचं नाही," ती म्हणाली.

"मी ओरडतो?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"एकदा जरी ओरडलात, तरी मी खालूंकडे जाणार शिकायला." खालू म्हणजे तोच. शेंगदाणेवाला.

"एकदा फार कमी आहे. दिवसातून तीनदा धर."

"एकदा."

"बरं, रस्त्यावर एकदाही नाही. घरी आल्यावर थोडं."

"अब्बा, एकदा ओरडलात की संपलं."

पुण्यातल्या भल्याभल्यांना मी माझ्या भावावर आणलं आहे. सदाशिव पेठेतली माणसं आंब्याचा वास घेऊन, दाबून, देठ तपासून, 'आमच्या घरी कोकणातून येतोच' असं सांगून निघून जातात आणि चौकातून परत येतात. पण पहिल्या बोलीवर इतकं घट्ट बसलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं. मी हो म्हणालो.

शिकवायला आमची जुनी व्हॅन होती. ती मी एका मांडववाल्याकडून घेतली होती. भाव इतका पाडला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. महिनाभर ती चालवल्यावर कळलं की ते आनंदाचे अश्रू होते. क्लच कडक, दुसरा गिअर लाजाळू आणि निघताना गाडीला एक उडी मारायची सवय.

आमच्या गोदामामागे एक बंदिस्त मोकळं आवार आहे. सकाळचा माल उतरला की दुपारी तिथे कोणी नसतं. पहिल्या दिवशी तिनं क्लच सोडला, व्हॅननं उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा सोडला, पुन्हा उडी. मी खांद्यावरच्या पंच्याचं टोक दातात धरलं. चौथ्या की पाचव्या उडीला माझं डोकं टपाला लागलं. मी पंचा आणखी थोडा तोंडात घेतला.

"काहीतरी सांगा ना," ती म्हणाली.

मी पंचा काढला आणि साडूसारखं हळू बोलायचा प्रयत्न केला. "क्लच... हळू... सोड."

तिनं गाडीच बंद केली. "अब्बा, असं नका बोलू. कोणाला तरी धमकी देताय असं वाटतं."

आता ओरडायचं नाही आणि हळूही बोलायचं नाही, तर माणसानं शिकवायचं कशानं? दोन दिवस मी नुसता बसून राहिलो. ती गिअरच्या दांड्याशी झटापट करायची, पहिल्यातून दुसऱ्याऐवजी चौथ्यात जायची आणि व्हॅन म्हाताऱ्यासारखी खोकायची. तिसऱ्या दिवशी न राहवून मी दांड्यावरच्या तिच्या डाव्या हातावर माझा हात ठेवला आणि तिची दोन बोटं दाबली.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि सरळ दुसरा गिअर टाकला.

हे इतरांना कळायचं नाही, म्हणून सांगतो. आंब्याच्या घाऊक व्यापारात भाव तोंडानं सांगायची पद्धत नव्हती. विकणारा आणि घेणारा हातांवर रुमाल टाकायचे आणि खाली एकमेकांची बोटं धरायचे. जितकी बोटं धरली तितका भाव. पटला नाही तर समोरचा त्याची बोटं धरून त्याचा भाव सांगणार. आजूबाजूला पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला पत्ता लागत नाही. माझी मुलगी लहानपणी सुट्टीत गाळ्यावर पेट्यांवर बसून हेच बघायची, आणि घरी आल्यावर भावाशी गोळ्यांचा सौदा उशीच्या अभ्र्याखाली करायची.

मग काय, आमचं जमलं. एक बोट पहिला, दोन बोटं दुसरा, असं चौथ्यापर्यंत. सगळा पंजा आवळला की ब्रेक. तिची ओढणी आपसूकच आमच्या हातांवर यायची, त्यामुळे मला तर गाळ्यावर बसल्यासारखंच वाटायचं. आठवड्याभरात उड्या थांबल्या. आवारातून आम्ही गल्लीत आलो, गल्लीतून रस्त्यावर.

अडचण एकच झाली. ज्याला बोटांनी सांगता येतं, त्याला बोटांनी उत्तरही देता येतं. मी तिसरा दाबला की ती माझी दोन बोटं धरून दुसरा परत द्यायची. मी पुन्हा तिसरा. ती पुन्हा दुसरा. आणि माझा स्वभाव असा की समोरच्याचा भाव बरोबर असला तरी मला तो लगेच घेता येत नाही. सदाशिव पेठेतल्या एका चौकात सिग्नल हिरवा झाला आणि आमचा सौदा सुटेना. मी पहिला दाबत होतो, ती दुसऱ्यावर अडून बसली होती. मागे भोंगे सुरू झाले. एक गृहस्थ स्कूटर घेऊन माझ्या खिडकीशी आले. पांढरा शर्ट, पुढे पिशवीत कोथिंबीर. त्यांनी आधी माझा लाल चेहरा पाहिला, मग तिचा, मग ओढणीखाली चाललेली झटापट.

"आपलं काही ठरत असेल तर सावकाश ठरवा," ते म्हणाले. "ठरलं की कळवा. आम्ही मागेच आहोत."

मी त्यांना काय उत्तर देणार होतो ते माझ्या जिभेवर आलं होतं. मुलीनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी ते उत्तर गिळलं आणि दुसरा गिअर मान्य केला. व्हॅन उडी मारून निघाली, पण निघाली.

मध्ये एकदा साडू घरी आला. पुढे झुकायला लावून विचारलं, "मग, कसं चाललंय शिक्षण? ओरडत नाही ना?"

"तिलाच विचार," मी म्हणालो.

"अब्बा एक शब्द बोलत नाहीत," मुलगी म्हणाली, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

साडूच्या हातातला कबाब तसाच राहिला. त्या दिवशी मी दुप्पट जेवलो.

मग लायसन्सच्या परीक्षेचा दिवस आला. मैदानात पिवळ्या रेघा आखलेल्या, कडेला कुंपण, कुंपणाबाहेर आईबाप. साहेब म्हणजे चष्मा लावलेला, फाइल मांडीवर घेतलेला, कंटाळलेला माणूस. तो तिच्या शेजारी, माझ्या जागेवर बसला. व्हॅन सुटली. उडी नाही, काही नाही. मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलं, "ती माझी. मीच शिकवलंय."

व्हॅन पहिल्या गिअरमध्ये सरळ रस्ता गेली. पहिल्या गिअरमध्ये वळली. मग वेग वाढला, इंजिन किंचाळायला लागलं, तरी पहिलाच गिअर. शेजारचा माणूस म्हणाला, "गाडीचं काही दुखतंय का?"

काचेतून मला दिसत होतं. तिचा डावा हात गिअरच्या दांड्यावर होता, वर ओढणी व्यवस्थित पसरलेली, आणि ती वाट बघत होती. तिनं साहेबांकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. साहेबांनी फाइल छातीशी धरली आणि दोन्ही हात फाइलच्या मागे घेतले. भाव द्यायला कोणी तयार नव्हतं. तिनं अख्खं मैदान पहिल्या गिअरमध्ये पुरं केलं.

साहेब उतरले. "मुलगी सांभाळून चालवते," ते म्हणाले. "पण पहिल्या गिअरवर तिचा फार जीव दिसतो. पुढच्या महिन्यात या."

"साहेब, तिचा ब्रेक बघितलात ना? वळण बघितलंत? आज पहिल्यावर पास करा, बाकीचे गिअर मी घरी देतो."

"ही मंडई नाही."

"माहीत आहे. मंडईत तुम्ही सौदा सोडून इतक्या लवकर उठला नसता."

त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

परत येताना व्हॅन मी चालवली. मुलगी खिडकीबाहेर बघत होती. मंडईचा कळस दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "मी खालूंकडे जाते आता."

अशा वेळी आवाज स्थिर ठेवायचा असतो. "मी ओरडलो का?"

"नाही."

"अट ओरडण्याची होती. अट मोडलेली नाही, तर सौदा मोडता येत नाही."

व्यवहारात ती माझ्यापेक्षा सरळ आहे. म्हणाली, "ठीक आहे. खालूंकडे जात नाही. पण तुम्ही माझ्याशेजारी बसायचं नाही."

"मागच्या सीटवर बसतो."

"नाही."

"मागे, पेट्या ठेवतो तिथे. दिसणारसुद्धा नाही."

"अब्बा, गाडीच्या बाहेर उभं राहायचं."

या नव्या बोलीवर मी एकदाही भाव न करता हो म्हणालो. धंद्यात पदार्पण केल्यापासून असं मी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोदामामागच्या आवारात मी भिंतीला टेकून उभा राहिलो, हात पाठीमागे. रिकाम्या पोत्यांवर आमचा म्हातारा हमाल झोपला होता. मुलीनं व्हॅन सुरू केली. पहिला गिअर. इंजिन किंचाळायला लागलं. माझी बोटं पाठीमागे एकमेकांना दाबत होती. दुसरा टाक, दुसरा टाक. तोंडातून मात्र काही काढलं नाही, कारण एक शब्द निघाला असता तर ती थेट साडूकडे गेली असती, आणि मग पुढच्या सगळ्या ईदा त्याच्या.

आणि तेवढ्यात व्हॅनच्या खिडकीतून आवाज आला.

"अगं क्लच दाब आधी! आंधळी आहेस का? गाडी रडतेय, ऐकू येत नाही? टाक दुसरा. टाक म्हणते ना."

व्हॅन दुसऱ्या गिअरमध्ये गेली.

हमाल दचकून उठला आणि माझ्याकडे बघायला लागला. "शेठ, काय झालं?"

"मी नाही," मी म्हणालो.

व्हॅन वळून पुन्हा आमच्याकडे आली. आत ती एकटीच, मान पुढे काढून, कपाळाला आठ्या घालून स्वतःलाच झापत होती. "तिसरा! कोणाच्या वरातीत चालली आहेस? आता ब्रेक. ब्रेक म्हणजे ब्रेक, गुदगुल्या नाही." शब्द माझे होते. चढउतार माझे होते. वरातीचं तर मी खास तिच्या भावासाठी काढलं होतं. तेव्हा ही मागच्या सीटवर बसून पेरू खायची. हमाल कौतुकानं म्हणाला, "आवाज तुमच्यावर गेलाय." मी गंभीर राहायचा प्रयत्न केला.

संध्याकाळपर्यंत ती सगळे गिअर टाकत होती. तिच्या घशाला कोरड पडली म्हणून मी तिला उसाचा रस पाजला. ती म्हणाली, "तुम्ही काही बोलला नाहीत ना?" मी म्हणालो, "छे."

पुढच्या महिन्यात ती पास झाली. तेच साहेब होते. उतरल्यावर त्यांनी रुमालानं चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "गाडी उत्तम चालवते. पण सबंध वेळ कोणाला तरी झापत होती. मला वाटलं, मलाच. मी पट्टा लावून बसलो."

त्या रात्री साडू आणि मेहुणी मिठाई घेऊन आले. सगळे बसले. साडूनं एक बर्फी उचलली, सगळ्यांना पुढे झुकायला लावलं आणि मुलीला विचारलं, "मग बेटा, गाडी शिकवली कोणी? खरं सांग."

मी पाठ ताठ केली. हा क्षण मी कित्येक ईदा वाट बघून कमावला होता.

"कोणी नाही," ती म्हणाली. "मीच शिकले."

साडूनं माझ्याकडे पाहिलं. मी साडूकडे पाहिलं. त्यानं बर्फीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि चक्क सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आजकालच्या मुलांना उपकाराची जाण नाही, भाई."

"अजिबात नाही," मी म्हणालो. लग्न झाल्यापासून आमचं कशावर एकमत झालेलं तेवढंच.